वहिनीच्या हातची वांगी

समुद्रपूरच्या बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन कुणी विचारलं, "हिंगणघाट गाडी कव्हा हाये जी?" की आतून उलटा सवाल यायचा, "आज सकाळी काय भाजी होती?"

नवखा माणूस गडबडायचा. "चवळीची," म्हणायचा.

"फोडणीत काय होतं? जिरं का मोहरी?"

"थे काय मालूम जी. बायकोनं केलती."

"मालूम पाह्यजे. खानाऱ्यानं ध्यान द्यावं. गाडी दहा मिन्टात हाये, बसा."

हे नामदेवराव भोयर, माझे शेजारी. दिवस पंच्याहत्तरच्या आसपासचे. मी तिथल्या पोस्टात कारकून होतो. एकाच कौलारू घराच्या दोन भागांत आम्ही भाड्यानं राहायचो. मध्ये भिंत, मागं सामाईक अंगण. भोयर तिशी ओलांडलेले, उंच, काटकुळे. खाकी गणवेशाला कडक इस्त्री आणि त्या इस्त्रीला कायम लसणाचा वास. स्टँडवर दोन प्रवासी जागेवरून हमरीतुमरीवर आले की बाकीचे कंट्रोलर शिट्टी वाजवतात, भोयर दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, "आच कमी करा जी. आच कमी करा." आणि खरंच, भांडण मंद व्हायचं.

स्वयंपाक हा त्यांचा धर्म होता. मिरची भिवापूरचीच, तेल जवसाचं, मसाला पाट्यावर स्वतः वाटलेला. रस्सा शिजत असताना माझ्या बायकोला, शकूला, उंबऱ्यापर्यंतच प्रवेश होता. "वहिनी, चपला बाहेर," ते म्हणायचे, "आन् बोलनंही बाहेर. तर्री येऊन राह्यली." तर्री वर आली की मग वाटीभर आमच्याकडे यायची. त्या वाटीसाठी शकू कितीही वेळ गप्प बसायची. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आमच्या, मला ते कधी जमलं नव्हतं.

लग्न मात्र त्यांना करायचं नव्हतं. बायको आली की चूल तिची होणार, ही त्यांची भीती. पण आर्वीला त्यांची मोठी बहीण होती, आक्का. तिनं रोहण्याच्या एका शेतकऱ्याची मुलगी पाहिली, विमल, आणि भावाला दम भरला, "रांधनारा नवरा म्हनून मालूम पडलं तं कोनी पोरगी देनार नाई. लगन झाल्यावर चुलीपाशी दिसला तं माह्या नावानं आंघोय करजो!"

मुलगी पाहायला मीही गेलो होतो. मुलीचे वडील अभिमानानं म्हणाले, "पोहे पोरीनंच केले बरं." भोयरांनी एक घास घेतला आणि माझ्या कानाशी लागले, "बाबू, मोहरी तडतडलीच नाई. उठा."

पण आक्का उठली नाही. तिकडं विमलनंही आईला सांगितलं होतं म्हणे, की मला नको हा माणूस, सगळा वेळ पोह्यांकडंच पाहून राह्यला. तिला कॉलेजात जायचं होतं. वडील म्हणाले, मॅट्रिक झाली, बस झालं. दोन्हीकडच्या नकारांना कुणी विचारलं नाही आणि वैशाखात बार उडाला. लग्नाचा फोटो मी पाहिलाय. चुकीच्या गाडीत बसल्याचं गाडी सुटल्यावर कळलेले दोन प्रवासी, असे दोघं दिसतात.

त्यानंतर सहा महिने भिंतीपलीकडून धुराचा वास येत होता. विमलबाई कर्तव्य म्हणून चुलीशी बसायच्या आणि कर्तव्य म्हणून भाकरी करपवायच्या. भोयर शपथेला बांधलेले. दाराशी उभे राहून पायाचे अंगठे दाबायचे. जेवायचेही उभ्यानंच, आपलं आपण घेऊन. फार झालं की तोंडून निघायचं, "आच कमी करा." सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायची स्टँडवरची सवय, बायकोलाही तसंच.

"मी काय पॅशिंजर हाओ का?" विमलबाई शकूजवळ रडल्या. "सकाय-संध्याकाय माह्या मागं उभे राह्यतेत. वरून भाजी खाऊन असे पायतेत, जसं काई मी गाडी चुकवली त्यायची!"

आणि भोयर मला म्हणाले, "बाबू, थ्या बाईचं काई चुकत नाई. पन वांगं पाहून माहा जीव तुटते."

शेवटी तो जीव फारच तुटला आणि एके सकाळी ते मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात आले. पिशवीत वांगी, मसाल्याचा गोळा, सांबाराची जुडी. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. "वहिनी, तुमची चूल अर्धा घंटा द्या. शपथ माह्या चुलीची हाये, तुमच्या नाई."

शकूनं चूल दिली. अर्ध्या तासानं भोयर पातेलं घेऊन घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "शेजारच्या वहिनीनं देल्ली."

मग हे रोजचंच झालं. सोमवारी वांगी, मंगळवारी डाळकांदा, बुधवारी पाटवडी. विमलबाई खायच्या, बोटं चाटायच्या आणि येऊन शकूच्या पाया पडायच्याच तेवढ्या बाकी राहायच्या. गल्लीत बातमी पसरली. तहसीलदारांच्या बायकोनं शकूकडं हळदीकुंकवाला मुद्दाम पाटवडीची विचारणा केली. जिच्या वरणाबद्दल मी पंधरा वर्षं मौन पाळलं होतं ती माझी बायको गावात सुगरण म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं.

एका रविवारी विमलबाई वही-पेन्सिल घेऊनच आल्या. भोयर त्या वेळी आमच्याच चुलीशी होते. चाहूल लागताच पळी हातात घेऊन ते शेजारच्या धान्याच्या खोलीत शिरले आणि दार ओढून घेतलं.

"ताई, थे वांगे मले शिकवा. लिहून घेतो," विमलबाई पाट ओढून बसल्या. "यायले माह्या हातचं गोड लागत नाई. तुमचं लागते. आता मी काय करू, सांगा."

शकूनं माझ्याकडं पाहिलं. मी छपराकडं पाहिलं.

"अं... सोपं आहे. वांगी चिरायची."

"किती?"

"पूर्ण. बारीक. आणि मग पाण्यात उकळायची. चांगली तासभर."

धान्याच्या खोलीतून कण्हल्यासारखा आवाज आला.

"कोन हाये जी आतमधे?"

"मांजर," शकू म्हणाली. "हं, मग तेल घ्यायचं, आणि खूप मोठा जाळ करून..."

"आच कमी करा!" आतून आर्त आवाज आला.

विमलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "ताई, तुमची मांजर एस.टी.त हाये का?"

त्या उठल्या आणि दार उघडलं. ज्वारीच्या पोत्यांमध्ये नामदेवराव भोयर उभे होते. कमरेला शकूचा जुना टॉवेल, हातात पळी, नाकाला हळद. शाळेत पकडलेल्या पोरासारखी मान खाली.

"थे वांगे तुमीच करता?" विमलबाईंनी विचारलं.

"हो."

"डाळकांदा?"

"हो जी."

"तुमाले रांधनं आवडते?"

भोयरांनी हातातल्या पळीकडं पाहिलं. मग म्हणाले, "लय."

"मंग मले काऊन बसवलं सा महिने चुलीपाशी?"

"तुमाले आवडत असन म्हनून. बायकाईले आवडते नं."

"माय वं!" विमलबाई मटकन पोत्यावर बसल्या. "मले? मले तं भाकरीचं पीठ पाह्यलं तरी रडू येते! भाकर काऊन करपते मालूम हाये? पिठाच्या डब्यामागं पुस्तक ठुलं हाये मी. थे वाचत राह्यतो."

"कायचं पुस्तक?"

"इतिहासाचं. मले बी.ए. करायचं होतं."

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. सहा महिन्यांत त्यांनी एकमेकांच्या नजरेला नजर दिल्याचं मला तरी आठवत नव्हतं. आधी विमलबाईंना हसू फुटलं. मग भोयरांना. हसता हसता पळीतला रस्सा ज्वारीवर सांडला, पण त्याचं त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. फक्त शकू जरा उदास होती. सुगरणपण संपलं होतं तिचं.

तेव्हापासून भिंतीपलीकडचा धूर थांबला. आक्काची शपथ चुलीपाशी 'दिसण्याची' होती, म्हणून पुढचं दार लावून भोयर रांधायचे आणि विमलबाई उंबऱ्यावर बसून पुस्तक मोठ्यानं वाचायच्या. बाहेरून बी.ए.ला बसायचा फॉर्म भोयरांनीच नागपूरहून आणला. मसाला वाटता वाटता ते इतिहास ऐकायचे आणि मधेच पाटा थांबवून विचारायचे, "मंग? मेला का थो?" "अजून नाई मेला, उद्याच्या धड्यात मरते," विमलबाई सांगायच्या.

याचा परिणाम बसस्टँडवर झाला. हिंगणघाट गाडी विचारायला गेलेल्या माणसाला आता आतून विचारलं जाई, "पानिपतची तिसरी लढाई कोन हरलं?" लोक म्हणाले, याच्यापेक्षा भाजीचं बरं होतं.

कधी, कसं ते सांगता येणार नाही, पण भिंतीपलीकडून येणारं 'तुमी' कमी होत गेलं. एकदा कानावर आलं, "विमल, तू पाठ टेकव भिंतीले, मी पिढा देतो." मी शकूकडं पाहिलं. ती म्हणाली, "ऐकलं मी."

माझी खात्री पटली ती मात्र कांद्यामुळं. एका संध्याकाळी भोयरांना स्टँडवरून यायला उशीर झाला. विमलबाईंनी मदत म्हणून कांदा चिरून ठेवला होता. कसला चिरला होता! एका फोडीला दोन माणसांनी उचलावं असा. मी अंगणात होतो. हा माणूस जाड कांद्यावरून खानावळीतून उठून आलेला मी पाहिलाय. त्यानं त्या फोडी पाहिल्या, क्षणभर डोळे मिटले आणि तशाच्या तशा फोडणीत टाकल्या. "झकास चिरला," म्हणाला. पोस्टात मी बरीच प्रेमपत्रं हाताळली, पण एवढं मोठं प्रेम कुठल्या पाकिटात दिसलं नाही.

मग एके दिवशी रोहण्याहून विमलबाईंचे वडील आले, पूर्वसूचनेशिवाय. पांढरं धोतर, पांढरी टोपी, झुबकेदार मिशा. शेजारी म्हणून मला आणि शकूला जेवायला बोलावणं होतं. अंबाडीची भाजी, भाकर, ठेचा. भोयरांनी सगळं घाईनं आटोपून गणवेश चढवला होता, आणि आता विमलबाई वाढत होत्या.

दोन घास होताच सासरे थांबले. "पोरी, तुह्या मायलेही अशी जमत नाई. कव्हा शिकली वं?"

भोयर सासऱ्यांच्या पाठीमागून हातानं नको-नको करत होते. हे रोहण्याला कळलं की आर्वीला आक्काला कळणार, आणि गावोगाव हसू होणार. विमलबाईंनी ते हात पाहिले. भाजीचं पातेलं खाली ठेवलं.

"बाबा, मी नाई केली. यायनं केली. रोज हेच करतेत. मी चार महिन्यांत चूल पेटवली नाई. मी अभ्यास करतो. बी.ए.चा फॉर्म भरला हाये."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. शकूनं माझा हात दाबला. भोयर भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, हा माणूस आता स्वतःच्याच गाडीत बसून निघून जाईल.

म्हाताऱ्यानं घास तोंडात घातला. सावकाश चावला. मग मान वळवून, आवाज खाली आणून विचारलं, "जवाईबापू, लसून आधी टाकला का मांगून?"

"मांगून जी," भोयर कसेबसे म्हणाले. "वरून. लाल करून."

"तिथंच चुकते माह्यं," म्हातारा म्हणाला. "वावरात रखवालीले असतो तव्हा मीच रांधतो. पन घरी सांगू नोका." मग लेकीकडं वळून म्हणाला, "आन् तू पास होजो. नाई तं या मानसाची मेहनत वाया जाईन."

सासरे उन्हं उतरायच्या आत गेले. भोयर त्यांना गाडीत बसवून परत आले, तेव्हा शकू विमलबाईंना भांडी आवरू लागत होती. मी ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो, दार उघडं होतं. विमलबाईंनी पाट मांडला, ताट घेतलं आणि म्हणाल्या, "बसा."

"मी खातो मांगून."

"मांगून कव्हा? सगळे जेवले. बसा म्हनतो नं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत या माणसाला घरी कुणी वाढलेल्या ताटावर बसलेलं मी पाहिलंच नव्हतं. भोयर नऊ वर्षांचे असताना आई गेली, आक्का सासरी. वडील शेतावर. पाठच्या दोघा भावंडांना रांधून घालायचं काम यांच्याकडं आलं. ते शिकले, पांगले. मला हे त्यांनी कधीतरी सांगितलं होतं, पण भाजीच्या गोष्टी सांगतात त्याच सुरात, म्हणून मी नीट ऐकलं नव्हतं.

ते बसले. विमलबाईंनी भाकर वाढली, शेजारी अंबाडी, थोडा ठेचा, कांदा. वाढणं काही सुबक नव्हतं. भाजी ताटाच्या काठावरून ओघळत होती. भोयर ताटाकडं नुसते पाहत राहिले.

"काय झालं? काई राह्यलं का वाढायचं?"

"नाई."

"मंग जेवा नं."

"माय गेली तवापासून," भोयर म्हणाले आणि थांबले. "तवापासून घेऊनच खाल्लं. घरात वाढलं नाई कोनं."

 पहिली भाकर अजून तशीच होती, तिच्यावर विमलबाईंनी दुसरी ठेवली, आणि पदरानं वारा घालत समोर बसल्या. शकू हात पुसत बाहेर आली आणि माझ्या सदऱ्याला धरून मला उठवू लागली. मी उठता उठता पाहिलं. भोयरांनी भाकरीचा तुकडा मोडला होता आणि खाली मान घालून, अगदी सावकाश, ते जेवत होते.

"अजून देऊ?" आतून आवाज आला.

भोयरांनी हो म्हटलं नाही. ताट तेवढं थोडं पुढं सरकवलं.