रंगाचं ऐकायचं, सही सुईची

डॉ. बिराजदारांना जेवायला बोलवायचं तर घरच्या बाईला आधी मन घट्ट करावं लागे. पेरू असो, वडा असो, बर्फी असो, हा माणूस आधी अंगठ्यानं दाबून बघणार. "जरा कडक हाय," म्हणणार, आणि मग तीन खाणार.

नांदेडच्या आमच्या दवाखान्यात ते छातीचे डॉक्टर आणि मी त्यांच्या हाताखालची सिस्टर. ते तोंडातून एक नळी श्वासनलिकेत घालत. नळीच्या टोकाला इवलीशी सोनोग्राफी. छातीतल्या गाठी पडद्यावर दिसत, आणि कोणती किती दबते तेही रंगात कळे. मऊ ती हिरवी, बहुधा साधी. कडक ती निळी, बहुधा कॅन्सरची. त्या 'बहुधा'वर डॉक्टरांचा फार जीव. "रंगाचं ऐकायचं, पण सही सुईची," असं म्हणून ते गाठीत सुई घालून तुकडा तपासायला पाठवत.

एकदा हिमायतनगरच्या एका बाईनं पदर तोंडाला लावून विचारलं, "साहेब, निळं म्हंजे काय हो?"

"निळं म्हंजे निळं. रडायचं ते रिपोर्ट आल्यावर. आता च्या पिऊन या."

लोक त्यांना दगड म्हणत. मीही म्हणायचे. त्यांनी लग्न केलं नाही. दवाखान्याच्याच माडीवर राहत आणि दिवाळीची ड्यूटी मागून घेत. रेणापूरला थोरली बहीण होती, अक्का. आई गेल्यावर तिनंच यांना वाढवलेलं. तिचा फोन आला की, "गडबडीत हाय गं, मागून बोलतो."

एक दिवस अक्काच एसटीनं आली, खोकत खोकत.

"कवापासून हाय हे?"

"झाले की दोन-तीन महिने."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू गडबडीत होतास की, शिवा."

स्कॅनमध्ये गाठी दिसल्या. मी म्हटलं, "सर, नळी दुसऱ्या कुणाला घालू द्या."

"न्हाई. अक्का परक्यापुढं तोंड उघडायची न्हाई."

गुंगीचं औषध देऊन अक्काला झोपवलं. पहिली गाठ हिरवी दिसली. "टीबी असंल," ते पुटपुटले. "टीबीला औषध हाय." नळी थोडी पुढं गेली. तिथली गाठ सगळी निळी होती. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग आणखी एकदा.

"सिस्टर, मशीन बरं हाय ना?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांनी त्याच गाठीत सुई घातली.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. त्यांनी अक्काला सरळ सांगितलं. ती म्हणाली, "औषध चालू करायच्या आधी मला चार दिवस घरी न्हे."

डॉक्टरांनी रजा टाकली. तिला वाटेत काही झालं तर, म्हणून गाडीत मीही बसले. रेणापूरला पोचल्यावर अक्का बाजेवर आडवी झाली. चहा मीच करतो म्हणून डॉक्टर स्वयंपाकघरात गेले. डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. शेवटी दोन हातांत दोन डबे घेऊन ते दारात आले.

"अक्का, साखर कुठं ठेवतीस गं?"

अक्का हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. "कोनाड्यात हाय. तुला कसं ठाऊक असंल?"

डॉक्टर डबे उंबऱ्यावर ठेवून तिच्या उशाशी खाली बसले.

आत पाणी आटत चाललं होतं. मी उठून गॅस बंद केला.