सॅम्युएलराव उजागरे यांची सोनईच्या चर्चवरील अँपस्वारी

परमेश्वरकृपेने कलम हाती धरोन लिहिण्यास कारण की, सोनई मुक्कामी कापणीच्या सणाचे रविवारी जो संग्राम जाहला, त्याची साद्यंत हकिगत पुढील पिढ्यांस ठाऊक असावी. लिहिणार तोच लढणार, खासा सॅम्युएलराव उजागरे, शाळेत गणित शिकवणार, वय बेचाळीस, सबब स्तुतीस कोठे तोटा पडणार नाही. फजितीचा मजकूर गाळावा ऐसे बहुत मनात होते, परंतु कुटुंब एंजेलाबाईसाहेब खांद्यावरून वाचीत उभ्या आहेत.

तर रावांनी नगराहून एक डिजिटल अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, हस्तगत केला. आकार पिठाच्या डब्याएवढा, परंतु पोटात शंभर नामांकित अँपांचे आवाज. मोबाईलवर बोट ठेवावे आणि हवा तो आवाज मुजऱ्यास हजर व्हावा, ऐसी करामत. मग ईस्टरचे दिवशी राव गिटार गळ्यात घालोन चर्चमध्ये दाखल जाहले, आणि सौम्य आवाज बोलवावा तो बोट घसरोन शेजारचा भडक आवाज धावोन आला, आणि खिडक्यांची तावदाने थरथरली, आणि चाळीस वर्षे गायनात अग्रभागी असलेल्या मारियाआत्या श्वास घेण्यास थांबल्या तरी राव थांबले नाहीत, आणि गीताचा एक शब्द पहिल्या बाकावरही पोहोचला नाही. राव डोळे मिटोन होते. टाळ्या पडतील ऐसा त्यांचा अंदाज होता.

यावर गायनमंडळाचे सर्वाधिकारी, हार्मोनियमबहाद्दर प्रभुदासमामा यांणी फर्मान काढिले की, कापणीच्या सणास रावांस अखेरची संधी द्यावी. गीताचे शब्द शेवटल्या बाकापर्यंत स्वच्छ गेले तर मंडळात कायमची जागा, न गेले तर अँप देवास अर्पण समजोन भोपळे, कोंबड्या आणि गव्हाची पोती यांचे रांगेत ठेवावा. सणास आलेले अर्पण उपासनेनंतर लिलावात पुकारतात, हा तेथील जुना रिवाज. रावांस अँपाची फिकीर होतीच, परंतु त्याहोन अधिक त्या जागेची. त्यांचे वडील हयातभर त्याच मंडळात ढोलकी वाजवीत होते. राव त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. सायंकाळी जेवले.

मग सहा महिने घनघोर तालीम जाहली. घरात आवाज नको, ऐसा एंजेलाबाईंचा हुकूम, म्हणोन राव कानात इअरफोन घालोन वाजवीत, आणि मोबाईलवर मारियाआत्यांचे गाणे लावोन त्या कोठे थांबतात ते वहीत टिपीत. येथवर सारे ठीक होते. परंतु मोठमोठे वादक कानात काही घालोन मंचावर उभे राहतात, ऐसे त्यांणी व्हिडिओत पाहिले होते, सबब सणाचे दिवशी त्यांणीही इअरफोनची एक बाजू डाव्या कानात घातली. मंचावर त्याचा उपयोग काय, ते ठाऊक नव्हते. रुबाब दिसतो, एवढे ठाऊक होते.

मग गीतास आरंभ जाहला, आणि रावांनी असा काही हात चालविला की डाव्या कानी केवळ स्वर्ग, आणि उजव्या कानी मारियाआत्या, आणि त्या थांबल्या की राव थांबले, आणि त्या निघाल्या की राव निघाले, आणि शब्द शेवटल्या बाकापर्यंत स्वच्छ पोहोचले. प्रभुदासमामांनी भरल्या चर्चमध्ये जाहीर केले की, जागा दिली. रावांची छाती शर्टाचे गुंडीस पेलेना.

इतक्यात एंजेलाबाई जवळ येवोन हळूच बोलिल्या, "अहो, मी शेवटच्या बाकावर होते. तुमचं काहीच ऐकू आलं नाही. ती वायर बघा."

रावांनी पाहिले. इअरफोनची वायर अँपात खोचली की अँपाचे तोंड बंद होते, हे सहा महिने रोज अनुभवोन राव ऐन समयी विसरले होते. रावांस घाम फुटला, लाज तर इतकी वाटली की लिहवत नाही. मग त्यांणी अँप उचलिला, आणि आपले हातांनी भोपळ्याचे शेजारी नेवोन ठेविला, आणि मामांपुढे मान खाली घालोन उभे राहिले.

मामा म्हणाले, "वायर मी पयल्याच कडव्याला बघितली, सॅम्या. तुझी बोटं बघत हुतो. आत्या थांबली तिथं तू थांबला. तुझा बाप बी असाच थांबायचा. उचल त्यो डबा, आन् म्होरल्या रविवारी वायर काढून ये."

रावांचे डोळे भरोन आले. एंजेलाबाई म्हणतात, रडले. तेही नमूद केले.

येणेप्रमाणे, आपल्याकडील एकही स्वर कोणाचे कानी न पडता मोहीम फत्ते जाहली. लिलावात तो शेजारचा भोपळा रावांनीच घेतला, आणि अँप व भोपळा एकाच स्कूटरवर बसोन सुखरूप घरी पोहोचले. पुढील रविवारी इअरफोन घरी ठेवावा, हे स्मरणार्थ येथे लिहिले. एंजेलाबाईंनी वाचोन "बरोबर आहे" म्हटले, तोच शिक्का समजावा.