मदतीचीं पानें आकाशांत नेलीं, त्याची हकीकत

श्रीगजानन, जो अडल्यास वाट दाखवितो आणि किती जणांस दाखविली याची मोजदाद ठेवीत नाहीं, त्यास प्रथम वंदन. मग शारदेस, जिच्या कृपेनें लिहिणाराचें वाचणारास कळतें. आणि मग त्या वाचणारांस, ज्यांचे दोन्ही हात कामांत गुंतले असतां ज्यांस पान उघडावें लागतें. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. हें नांव कोणी ठेविलें तें ठाऊक नाहीं, परंतु यथार्थ ठेविलें, तें पुढील मजकुरावरून कळों येईल.

त्या सालीं एका राज्यांत, राज्याचें नांव घेत नाहीं, एक दरबार होता. तो तोफा ओतीत नसे, किल्ले बांधीत नसे, सॉफ्टवेअर करीत असे. त्यांचें एक सॉफ्टवेअर शीतरक्षक नामें विख्यात होतें, आणि त्याचें काम थोर होतें. डोंगरच्या दवाखान्यांतून लहान बाळांच्या लसींचा फ्रीज असतो, त्यांतील उष्णता दोन अंशांखालीं जाऊं नये आणि आठांवर चढूं नये, चढली तर लस वायां गेली. तेव्हां फ्रीजपासून टेबलावरच्या संगणकापर्यंत एक करड्या रंगाची तार आणिली होती, आणि शीतरक्षक संगणकांत बसून अष्टौप्रहर त्या उष्णतेवर नजर ठेवीत असे. नेट असो वा नसो, त्याचें अडत नसे. आणि काम करणारीचें अडलें तर एफवनची कळ दाबावी, मदतीचें पान त्याच क्षणीं उघडावें, कारण पानें सॉफ्टवेअरच्या पोटांतच ठेविलीं होतीं. यास जाणते ऑफलाइन मदत म्हणत.

हीं पानें लिहिलीं होतीं वेणूबाई मदतनवीस यांनीं. पानें एकूण तीनशें बारा. बाईंची लिहिण्याची तऱ्हा निराळी होती. प्रत्येक पान पुरें जाहलें म्हणजे त्या आपलें वर्षाचें लेंकरूं पाळणाघरांतून आणवीत, डावे कडेवर घेत आणि पानांत लिहिलेली कृति एका उजव्या हातानें करून पाहत. लेंकरूं वेणी ओढी, कळफलकावर थापटी मारी, तरीही कृति पार पडली तर पान मंजूर, नाहीं तर फाडून पुन्हा लिहिणें. कोणी हंसलें तर म्हणत, "अहो, दवाखान्यांत जी वाचणार तिच्याही एका हातांत कोणाचें तरी मूल असणारच. तिला दुसरा हात मी कोठून देऊं?" असें करून दोन सालें खपून पानें सिद्ध जाहलीं, आणि डोंगरांतून कोणाचीही तक्रार आली नाहीं. आणि तक्रार आली नाहीं हेंच पुढें बाईंचे मुळावर आलें.

मग त्या सालच्या आषाढांत दरबारचे कारभारी हैबतराव यांचे मनीं आलें कीं पानें सॉफ्टवेअरच्या पोटांतून काढावीं आणि आकाशमार्गी, म्हणजे ऑनलाइन, न्यावीं. एफवन दाबितांच संगणकानें नेटवरून पान आणून दाखवावें. श्रीमंत सरकार स्वारी दिवाणखान्यांत बसली होती, तेथें हैबतराव उभे राहिले आणि बोलते जाहले, "सरकार, पानांत चूक निघाली तर एके ठिकाणीं दुरुस्त केली कीं साऱ्या राज्यांत दुरुस्त होते. सॉफ्टवेअर हलकें होतें. शोध घेणें सोपें जातें. आणि कोण काय वाचतें तें मोजतां येतें." वेणूबाई म्हणाल्या, "पहिलीं तिन्ही खरीं आहेत, मी नाहीं म्हणत नाहीं. मीच मागल्या वर्षीं एक पान चुकीचें लिहिलें, आणि तें अजून कोठें कोठें तसेंच असेल, त्याचा मला घोर आहे. पण सरकार, दोन्ही ठेवूं. वर नवीं, पोटांत जुनीं." हैबतराव म्हणाले, "दोन प्रती म्हणजे दोन तोंडें. एक खरें बोलेल, एक खोटें. आणि बाई, वाद कशाला? मोजून पाहूं."

मग तीन महिने दोन्ही प्रकारची मदत चालू ठेविली आणि मोजणी केली. आतां येथें नीट ऐकावें. आकाशमार्गी पान कोणी उघडिलें तर तो मार्गच दरबारास येऊन सांगे कीं अमुक ठिकाणीं अमुक पान उघडलें. पोटांतलें पान कोणी उघडिलें तर तें पान आणि ती वाचणारी यांखेरीज कोणास कळत नसे, कारण तेथें सांगावयास मार्गच नव्हता. अश्विनांत मोजणीचा तक्ता दरबारांत आला. शहरचे दवाखाने सहा हजार वाचनें, गांवचे दवाखाने अकराशें, आणि डोंगरचे दवाखाने, संख्येनें एकशें चौदा, त्यांपुढें शून्य. हैबतरावांनीं तक्ता उंच धरिला आणि म्हणाले, "पाहा! डोंगरांत मदतीचें पान कोणी उघडीतच नाहीं, म्हणून तक्रारही नाहीं. बाई, आपण तीनशें बारा पानें कोणासाठीं लिहिलींत?" दरबारांत हशा पिकला. वेणूबाई उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज चढला हें तेथें असलेल्या सर्वांनीं ऐकिलें. "राव, जिथें नेट नाहीं तिथलीं वाचनें तुम्ही नेटवर मोजलींत? पाण्यांत किती पक्षी पोहतात तें मोजून आकाशांत पक्षी नाहींत म्हणाल काय?" हैबतराव म्हणाले, "बाई, आंकडा आहे तो असा आहे. मनाचे मांडे निराळे." आणि श्रीमंतांनीं, जे मनुष्य वाईट नव्हते परंतु तक्त्यावर विश्वास ठेवीत, मोहोर उमटविली. पोटांतलीं पानें काढून टाकावीं ऐसा हुकूम जाहला, आणि दरबारचीं माणसें नवी आवृत्ति पेनड्राइव्हांत घेऊन डोंगरांतही घालून आलीं. आणि त्या तीनशें बारांत एक पान होतें, ज्याचा मथळा "नेट तुटलें असतां काय करावें", तेंही इतर पानांबरोबर नेटवर नेऊन ठेविलें. कोणी थांबविलें नाहीं. एवढ्या शाहण्या दरबारांत एकानेंही विचारिलें नाहीं कीं नेट तुटलेली बाई तें वाचणार कोठून. याचा राग लिहितां लिहितां आजही येतो, आणि यावा.

मग मार्गशीर्ष आला. पाथरघाट म्हणून डोंगरांत एक दवाखाना, तेथें सगुणाबाई वळवी सिस्टर म्हणून होत्या, आणि त्या दिवशीं लसीचा वार होता. भोंवतालच्या पाड्यांवरून आया पहांटेच निघून चालत आल्या होत्या, कोणी दोन कोस, कोणी चार, आणि पाठीशीं, कडेवर, झोळींत मिळून बाळें त्रेसष्ट. सकाळीं नऊ वाजतां सिस्टरांनीं संगणक उघडिला तों पडद्यावर तांबड्या अक्षरांत आलें: "संकेत एकेचाळीस. उष्णता वाचतां येत नाहीं. लस देऊं नये." आणि खालीं, "मदतीसाठीं एफवन दाबा." सिस्टरांनीं एफवन दाबिला. पडदा फिरफिर फिरला आणि वदला, "नेट उपलब्ध नाहीं. नेट जोडून पुन्हा यत्न करावा." पुन्हा दाबिला, पुन्हा तेंच. पूर्वी याच कळेनें पान मिळत असे, हें त्यांचे बोटांस ठाऊक होतें. लस निकामी जाहली असेल तर देणें म्हणजे बाळांचा विश्वासघात, आणि चांगली असून परत पाठविणें म्हणजे त्रेसष्ट बाळें उघडीं. गोवराचा डोस चुकला तर गोवर वाट पाहत नाहीं.

एक आई म्हणाली, "सिस्टर, टोचा ना लवकर, पोर भुकेजलीय आन् मला परत चढायचंय." सिस्टर म्हणाल्या, "थांब ग बाई, मला तरी कुठं सुचतंय." अंगणवाडीच्या सेविका हिराबाई तेथें होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मोहाच्या झाडाखाली रेंज येते. मी जाते टेकाडावर." "तासाभराची चढण आहे, हिराबाई." "मग बसून काय करू, अंडी घालू?" म्हणाल्या आणि पदर खोंचून निघाल्याच.

टेकाडावर हिराबाईंनीं फोन उंच धरिला, मग मदतीचें पान मागितलें. प्रथम एका हंसऱ्या माणसाचें चित्र आलें, अर्धें. मग पान विचारतें जाहलें, "कुकीज नामें आमच्या खुणा आपल्या फोनांत ठेवूं द्याल काय?" मग विचारतें जाहलें, "ही माहिती उपयोगी वाटली काय?" माहिती अजून आलीच नव्हती. हिराबाई फोनास जें बोलल्या तें लिहिण्याजोगें नाहीं. मग त्यांनीं संगणकावरच्या चिठ्ठीवरून टिपलेला दरबारचा नंबर लाविला, तेथें एका ध्वनिमुद्रित बाईनें सांगितलें कीं आपला प्रश्न ऑनलाइन मदतींत पाहावा. चवथ्या खेपेस एक खरा मनुष्य लाभला, त्यास एकेचाळीस म्हणजे काय तें ठाऊक नव्हतें, परंतु कोणास ठाऊक असेल तें ठाऊक होतें, आणि त्यानें फोन वेणूबाईंकडे दिला.

वेणूबाई लेंकरास भात भरवीत होत्या. "मॅडम, आमची सिस्टर अडकलीय, त्रेसष्ट पोरं बसलीत, आन् तो कम्प्यूटर एकेचाळीस एकेचाळीस करतोय!" "ताई, घाबरूं नका. कागद आहे?" "पेन आहे. कागद नाही." "मग हातावर लिहा." "बोला." वेणूबाईंनीं डोळे मिटले आणि पान त्यांचे डोळ्यांपुढें जसेंच्या तसें उभें राहिलें. "फ्रीजमागची करडी तार ओढून काढा, दहा मोजा, पुन्हा घाला, टक् वाजेपर्यंत. मग फ्रीजच्या दाराशीं गोल बटण आहे, तें दाबा. तीस दिवसांची उष्णता फ्रीजला स्वतःला आठवते, तार निघाली तरी आठवते. मग संगणकावर 'जुनी नोंद आणा' दाबा. रेघ येईल. रेघ दोन आणि आठ यांमध्यें राहिली असेल तर लस द्या. एकदां जरी बाहेर गेली असेल तर एकही देऊं नका." हिराबाईंनीं मनगटापासून कोपरापर्यंत लिहून घेतलें आणि विचारिलें, "एवढंच?" "एवढंच, ताई." "मग एवढंसं आतच का नाही ठेवलं हो मॅडम?" तेवढ्यांत फोन तुटला, तो बरा कीं वाईट, तें वेणूबाईंस कळेना.

हिराबाई उतरून आल्या तों दीड वाजला होता. तेवढ्यांत अकरा आया निघून गेल्या होत्या. कोणाची गुरें सुटणार होतीं, कोणाची सासू आजारी, कोणाच्या बाळाचें रडणें पाहवेना. दोष त्यांचा नाहीं. मग सिस्टरांनीं कोणाचें तरी रडतें पोर कडेवर घेतलें, कारण त्याची आई पाणी प्यावयास गेली होती, आणि हिराबाईंचा हात पुढें धरून, तो वाचीत, एका हातानें तार ओढिली, दहा मोजिले, टक् ऐकिलें, बटण दाबिलें. रेघ आली. तिसांही दिवस ती चार आणि सहा यांमध्यें सरळ होती. लस सुखरूप होती. सकाळीं नऊ वाजतांही होती. बावन्न बाळांस टोचिलें. बावन्न बाळें एका सुरांत रडलीं, आणि त्या दिवशीं पाथरघाटास याहून गोड कांहीं ऐकूं आलें नाहीं.

आठ दिवसांनीं, पाथरघाटची हकीकत पुरती कळल्यावर, वेणूबाई लेंकरूं कडेवर घेऊन दरबारांत उभ्या राहिल्या आणि हैबतरावांस म्हणाल्या, "राव, मार्गशीर्षाची मोजणी आली असेल. संकेत एकेचाळीसचें पान डोंगरांत किती वाचिलें?" हैबतरावांनीं तक्ता पाहिला. "शून्य." "पान त्या फोनावर पोहोंचलेंच नाहीं म्हणून शून्य. वाचिलें तें एका बाईच्या हातावर. बावन्न बाळांस त्या वाचनानें लस मिळाली, आणि अकरांस उशिरा वाचिलें म्हणून नाहीं मिळाली. या त्रेसष्टांस आपल्या तक्त्यांत कोणत्या ओळींत घालूं तें सांगा." दरबारांत कोणी हंसलें नाहीं. हैबतराव म्हणाले, "दोन प्रतींचें भय मात्र खरें आहे." बाई म्हणाल्या, "खरें आहे, आणि तें भय मी घेतें. प्रत्येक पानावर तारीख घालीन. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति निघेल तेव्हां त्याच दिवशीं दोन्हीकडे तींच पानें जातील. नेट असेल तर नवें दाखवावें, नसेल तर पोटांतलें. जुन्या तारखेचें पान कोऱ्या पडद्याहून बरें." श्रीमंतांनीं तक्ता बाजूस सारिला, म्हणाले, "माझीच मोहोर होती," आणि पानें पोटांत परत घालण्याचा हुकूम दिला, आणि "नेट तुटलें असतां" हें पान सर्वांचे आधीं.

तिकडे सगुणाबाई लसीची थंड पिशवी खांद्याला लावून अकरा बाळांच्या शोधार्थ पाडे चढल्या. दहा सांपडलीं आणि त्यांस टोचिलें. अकराव्या घरास कडी होती. माणसें ऊसतोडीस मुलुखावर गेलीं होतीं, कोणत्या मुलुखास तें शेजारणीस सांगतां आलें नाहीं.

ऐसें तें वर्तमान. मदत आकाशांत ठेवावी, खुशाल ठेवावी, परंतु जिचा हात तेथवर पोहोंचत नाहीं तिच्या हाताशींही ठेवावी. त्या महिन्याच्या तक्त्यांत डोंगरांपुढें अजून शून्यच आहे, दरबारानें तें बदललें नाहीं. म्हणून त्या अकराव्या घरची जी मोजणींत आली नाहीं तिची नोंद येथें केली: नांव फुलवंती, वय नऊ महिने, गोवराची लस बाकी. कोणास आढळल्यास द्यावी.