दार नसलेली मोटार

ओले शेण आणि पेट्रोल यांचा वास एकमेकांत मिसळला की कसा येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मला ठाऊक आहे, कारण माझ्या गेनूमामाने मोटारीची भुई सारवली होती. तो वास आठवला की आजही माझे कान तापतात.

महायुद्ध संपून वर्ष झाले होते. लढाईभर लष्कराची लॉरी हाकून मामा शिंगणापूरला परतला, तो तसलीच एक मोडकी लॉरी विकत घेऊन. तिचे त्याने घर केले. पत्र्यावर माती चोपली, वर सारवण घातले. कोपऱ्यात चूल, ऑईलच्या डब्यात तुळस, दोन बाजूंना दोन बाजा. मागचे दार मात्र काढून टाकले. आमच्या गावात घरांना दारे नसतात, राखण शनिदेवाची. चौकटीला फार तर पडदा, आणि आलेला माणूस बाहेरून हाक मारतो. "चाकं लावली म्हनून घराचं घरपन जातं व्हय?" असे मामा विचारी. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यासरशी त्या भुईला भेग जाई, आणि प्रत्येक भेगेसाठी मामा गाडी थांबवून शेण शोधायला उतरे.

एका शनिवारी सकाळी हे घर नगरला माझ्या वसतिगृहासमोर येऊन उभे राहिले.

"चल पोरी, तुला नगर दावतो. दोन दिस!"

नगरात मी पाच वर्षे राहत होते आणि मामा दोनदा आला असेल. पण या दोन दिवसांसाठी त्याने चार महिने रेशनच्या पेट्रोलची कुपने साठवली होती, हे चूल फुंकता फुंकता तो बोलून गेला.

आई गेल्यावर दहाव्या वर्षापर्यंत मी मामाच्याच घरी वाढले. मामी नव्हती. माझी वेणी तोच घाली, बैलाच्या दाव्याला पीळ द्यावा तशी घट्ट. मग तो लढाईवर गेला आणि मी शाळेसाठी नगरला आले. गाडीतली धाकटी बाज त्याने माझ्यासाठी केली होती. तिच्यावर आडवी झाले, तर गुडघ्यांपासून पाय बाहेर लोंबू लागले.

"आं?" मामा बुचकळ्यात पडला. "माप तर बरोबर धरलं हुतं."

शहर दाखवण्याची त्याची रीत एकच: आधी दार पाहायचे. "दार जेवढं थोर, तेवढा मालक भित्रा." किल्ल्याच्या अणकुचीदार खिळ्यांच्या दरवाजापुढे तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला म्हणाला, "पाव्हनं, लई भ्येत हुता की तुमचा राजा!" शिपायाने हसू मिशीत दाबले. एका बंगल्याला दोन कुलपे दिसली, तेव्हा मामा खरोखर कळवळला. "बिचाऱ्याला झोप लागत नसंल गं. उद्या तुला चांदबिबीचा म्हाल दावतो. त्याला म्हनं दारंच न्हाईत. आपला मानूस!"

कापडबाजारात गाडी उभी राहते न राहते, तोच चारपाच माणसे गाठोड्यांसह पडदा सारून आत चढली. त्यांना ती प्रवाशांची सर्व्हिस मोटार वाटली होती. मामाने कोणालाही उतरवले नाही. "या, या. आपलंच घर हाय." चहा झाला. एका म्हातारीने बशी खाली ठेवत विचारले, "गाडी राहुरीला कवा सुटनार?"

"आजी, ह्ये घर हाय. घर कुटं सुटतंय?"

"मंग चाकं कशापायी लावली रं, मुडद्या?"

सारा बाजार हसू लागला. हसणाऱ्यांत माझ्या वर्गातली शालिनी होती, तिच्या आईबरोबर. शालिनी माझ्यापाशी येईपर्यंत मामा भेगेसाठी खाली उतरला होता, आणि नेमका तेव्हाच, एका बैलगाडीमागून ओंजळभर शेण घेऊन येणारा मामा दुरूनच ओरडला, "पोरी, ताजं घावलं!"

"अय्या, कोण गं हा?" शालिनीने विचारले.

"ड्रायव्हर," मी म्हणाले.

शब्द खोटा नव्हता. लढाईत तो तेच होता. अजूनही गाडी तोच हाकत होता. खरे बोलूनही माणसाला इतके हलके होता येते, हे मला त्या दिवशी कळले. तोवर जवळ आलेल्या मामाने ते ऐकले आणि त्याची पावले थांबली. शेण त्याने जपून चाकाशी ठेवले, हात धोतराला पुसले, पडदा वर धरला आणि मान खाली घालून म्हणाला, "या, बाईसाहेब."

जन्मभर ज्याने मला 'ये' म्हटले, त्याचे ते 'या'. शालिनीच्या आईला ते अगदी योग्य वाटले.

मला आधी वाटले, थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती. बसा, घ्या, जेवा. रात्री, "डायवर खालीच निजतो, बाईसाहेब," म्हणून त्याने चाकाशी घोंगडी टाकली.

रविवारी आम्ही डोंगरावरच्या महालात गेलो. नावाला महाल, तळघरात कबर. कमानी साऱ्या उघड्या. वाळल्या गवताचा वास घेऊन वारा शीळ घालीत आरपार जात होता. ज्या जागेसाठी मामाने कुपने साठवली, तिथे तो माझ्या दोन पावले मागे, नोकरासारखा हात बांधून उभा राहिला.

"इथे दारेच नाहीत बघ," शेवटी मीच म्हणाले. 'मामा' म्हणायला जीभ उचलेना.

"व्हय, बाईसाहेब."

"म्हणजे मालक भित्रा नव्हता."

"कबर हाय ती. म्येल्यालं मानूस कशाला भिईल?"

कालचा मामा असता, तर या वाक्यावर आधी तोच हसला असता.

संध्याकाळी त्याने मला वसतिगृहाशी सोडले. तिथले दार मोठे होते, चांगले दोन फळ्यांचे. मी आत गेले आणि वळून पाहिले. गाडी समोरच्या लिंबाखालीच उभी होती आणि तिचा पडदा पुरता ओढून घेतलेला होता. आतून हातोडीचे ठोके येत होते. धाकटी बाज तो मोडत होता की वाढवत होता, बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

मी परत धावले. पडद्याशी उभी राहिले. आमच्या रीतीने हाक मारायची. पण 'मामा' ही हाक मी काल भरबाजारात गिळली होती, आता ती कोणत्या तोंडाने मारू? मग वसतिगृहात शिकले होते तेच केले. बोटे वाकवून पत्र्यावर टकटक केली. शिंगणापूरच्या घरावर असली टकटक कधी कोणी केली नसेल.

हातोडी थांबली. तो काय म्हणेल, 'या' की 'ये', एवढ्यावर माझे सारे अडले होते. पडद्यातून सारवणाचा ओला वास येत होता.  मग मामाने घसा खाकरला.

"ये."