ठाकरे सरांचा बारावा पावना

पेपर न वाचता मी पेढे वाटले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत, सगळ्या कॉलेजात.

पण ठाकरे सरांचा चेहरा पाहून तुम्हीही वाटले असते. अमरावतीत सकाळी लोक कापसाचा भाव पाहतात. हे पाहतात, आपल्या पेपरचा संदर्भ जगात कुणी दिला का. संशोधनाचा पेपर एकच: शेवग्याच्या पाल्याचा अर्क दिला की उंदरांची साखर उतरते. लेखकांत शेवटचं नाव माझं, त्यांच्या सहायकाचं. संदर्भ देणारा म्हणजे 'पावना'. पावना आला की सगळ्यांना चहा, आणि त्या अनोळखी माणसाला घरच्यांची खुशाली विचारणारं लांबलचक पत्र. इतक्या वर्षांत पावने अकरा. त्यातले चार वेळा मीच. "तू घरचाच, तुले कायचा चहा," म्हणायचे.

बारावा आला तो सरांच्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला आठ दिवस असताना, तोही थेट अकोल्याहून! म्हणून पेढे. दुपारी सरांनी तो पेपर उघडला. वैष्णवी नावाच्या कुण्या मुलीनं आमचा प्रयोग पहिल्यापासून करून पाहिला होता. साखर तसूभरही उतरली नव्हती.

सर उठले. म्हणाले, "गाडी काढ." अकोल्याच्या वाटेवर मूर्तिजापूर गेलं तरी मागून सरांची बडबड चालूच. मला वाटलं, हे भांडायला निघाले.

वैष्णवीलाही तेच वाटलं असावं. आम्हाला प्रयोगशाळेच्या दारात पाहून ती उभीच राहिली. सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"दोन वर्षं माह्या पेपरसोबत काढली तू, पोरी. इतका वेळ माह्यासंगं कोणी बसलं नाही आजवर."

मग दोघांची डोकी सरांनी आणलेल्या जुन्या प्रयोगवहीत. तिनं विचारलं, साखर कधी मोजायचात? सोमवारी सकाळी. रविवारी खाणं कोण टाकायचं?

मी. साधे उंदीर खालच्या खोलीत, अर्काचे वरच्या मजल्यावर. आणि रविवारी मला जिना चढायचा कंटाळा, म्हणून वरचे उपाशीच. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

सरांनी वही मिटली. पेपर मागं घेऊ, मुलाखतीत मीच सांगतो, म्हणाले. माझ्यावर एका शब्दानं चिडले नाहीत. उलट वैष्णवीला विचारलं, पुढचा प्रयोग संगं करायचा का. ती हसून हो म्हणाली, आणि माझ्याकडे वळली.

"म्हणजे काका, साखर तुमच्या आळसानं उतरली. शेवग्याचं फुकट नाव झालं."