ही ओळ माझ्याकडे नाही

चिक्कडपल्लीच्या औषधाच्या दुकानात एक गृहस्थ रोज उभे राहून भांडत.
“मेरेकु गोली नक्को. कागज होना.”
कागद म्हणजे खोक्यात घडी घालून कोंबलेला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचा माहितीचा कागद.
“अंकल, बिमार कौन है?”
“कोई नै.”
“फिर?”
“फिर क्या? छपा है ना? किसी ने पढना नै क्या?”

हे आमच्या वरच्या मजल्यावरचे कंधारकर. सरकारी छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्ती छापखान्याने दिली होती, त्यांनी घेतली नव्हती. शर्टाच्या खिशात लाल पेन. लग्नपत्रिका आली की आधी दुरुस्त होई, मग आहेराचा विचार. अमक्याच्या मुलीचं जमलं, असं सांगितलं तरी विचारत, “मूळप्रत कुठाय?” म्हणजे, तुम्हाला कोणी सांगितलं आणि त्याला कोणी?

बसा म्हटलं तरी बसत नसत. आमच्या हॉलमध्ये खिडकी ते दार, दार ते खिडकी. चहासुद्धा चालता चालता. बशीतला अर्धा चहा फरशी पिई.

आता माझ्याबद्दल. माझी नात हल्ली फोनवर काहीबाही वाचून मला औषधं सुचवते, तेव्हा मी तिला रागवत नाही. कारण चौकात इंटरनेटचं दुकान निघालं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि माहेरची पुण्याची होते. म्हणजे अज्ञान असं मला कशाबद्दलच नव्हतं. दुकानात जायचं, औषधाचं नाव टाकायचं, पानं छापून घ्यायची आणि पदराला हात पुसत बिल्डिंगभर दवाखाना चालवायचा. समोरच्या लक्ष्मीगारूंची खोकल्याची बाटली मी अशाच एका पानाच्या जोरावर बेसिनमध्ये ओतली. त्या बिचाऱ्या खोकत खोकत “थँक्स अम्मा” म्हणाल्या.

त्याच वर्षी ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, छातीत दुखून गेलं आणि डॉक्टरांनी एक गोळी कायमची लावली. गोळी सुरू झाल्यापासून मरगळ, हात गार. मी धावले नेटवर. पान उघडलं तर मरगळ, गार हात, वाईट स्वप्नं, सगळं ओळीने लिहिलेलं! चोर सापडला. घरी येऊन मी गोळ्यांची पट्टी पिठाच्या डब्यामागे लपवली आणि ह्यांना म्हटलं, “डॉक्टर वाटेत भेटले होते. बंद करा म्हणाले.”

माझं बोलणं तपासायचं नाही, हा ह्यांचा मोठा गुण. त्या आठवड्यात तोच अंगाशी आला.

तिसऱ्या दिवशी कंधारकर आले. मला पराक्रम पोटात ठेवता येईना. छापील पानं मी त्यांच्यापुढे नाचवली.
“मूळप्रत कुठाय?”
“अहो भाऊजी, हे इंटरनेटवरचं आहे. अमेरिकेतलं!”
“अमेरिका म्हणजे मूळप्रत नव्हे, वहिनी.”

ते वर गेले आणि त्याच गोळीचा कागद घेऊन आले. इस्त्री केलेला. मग छापखान्याचा कायदा सांगितला. एकाने मूळप्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट; दुसऱ्याने समोरच्या छापील पानावर बोट ठेवून ताडायचं. “एकटा माणूस कागदावर नसलेलंही वाचतो, आणि असलेलं सोडतो.”

आणि चमत्कार, ते खुर्चीवर बसले. कागद माझ्या हातात दिला, माझी छापील पानं स्वतःपुढे घेतली आणि आखायची पट्टी ओळीखाली धरली. इकडे माझी गॅसवर आमटी, दारात धोबी, जीव अर्धा अर्धा. मी वाचनाची आगगाडी सोडली.
“स्वल्पविराम खाल्लात, वहिनी.”
“तुम्हाला काय करायचाय स्वल्पविराम?”
“माझा नाही. त्यांचा आहे. परत घ्या.”

असं करत मी एका चौकटीपाशी आले. मजकूर इंग्रजी, पण अर्थ असा: हृदयाच्या रुग्णाने हे औषध अचानक बंद करू नये, स्वल्पविराम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे, पूर्णविराम.

“थांबा,” कंधारकर म्हणाले. पट्टी वर गेली, खाली आली. पान उलटलं, पुन्हा पालटलं. “ही ओळ माझ्याकडे नाही.”
“मग पुढे जाऊ?”
“परत वाचा.”

पहिल्यांदा मी ती नुसती वाचली होती. दुसऱ्यांदा ऐकली.

“भाऊजी,” मी म्हटलं, “गोळ्यांची पट्टी पिठाच्या डब्यामागे आहे.”
“कधीपासून?”
“परवापासून.”
“आणि ते स्वतः कुठायत?”
“सुलतान बाजारला. पुस्तकं बघायला. चालत गेलेत.”

कंधारकर एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून फोनच्या बूथवर पळाले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मनाने आता काहीही करू नका, आहेत तसे घेऊन या. रिक्षावाल्याने विचारलं, “किधर जाना अम्मा?” मी म्हटलं, “जिधर मेरा आदमी दिखेगा उधर!” सुलतान बाजारच्या गर्दीत कंधारकर रिक्षातून अर्धे बाहेर लोंबकळत ह्यांच्या नावाने ओरडत होते. हे एका पुस्तकाच्या दुकानाच्या पायरीवर सापडले. शर्ट घामाने चिंब, हात छातीवर. मला बघून म्हणाले, “काही नाही ग, जरा टेकलो.”

दोन दिवस दवाखान्यात ठेवलं आणि हे सुखरूप घरी आले. डॉक्टर मला जे बोलले ते मी नातीला अजून सांगितलेलं नाही.

मग मी धपाटे घेऊन वर गेले. कंधारकरांच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात औषधांचे कागद एकावर एक. प्रत्येकाच्या तळाशी लाल पेनाने आखलेल्या दोन जागा: एक तपासणाऱ्याच्या सहीची, एक वाचणाऱ्याच्या. तळातल्या सात-आठ कागदांवर दोन्ही सह्या होत्या. दुसरी बारीक, डावीकडे कललेली.

“सुशीलाची. आमच्या हिची,” ते म्हणाले. “स्वतःच्याच औषधांचे वाचायची. अंथरुणावरून. जरा भरभर, तुमच्यासारखी.”

त्यावरच्या सगळ्या कागदांवर त्यांची एकट्याची सही. शेजारची जागा दरवेळी आखलेली आणि रिकामी.

आमच्या गोळीचा कागद त्यांनी पुढे केला. मी सही केली. “झालं,” म्हणून ते उठले आणि त्यांची खिडकी ते दार फेरी सुरू झाली.

दूध उतू जाईल म्हणून कुणाच्या घरी पाच मिनिटं न टेकणारी मी म्हटलं, “पुढचा द्या.”
“तो कुणाचाच नाही, वहिनी. ते औषध आपल्याकडे कुणी घेत नाही.”
“छपा है ना?” मी म्हटलं. “किसी ने पढना नै क्या?”

ते दारापाशी थांबले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग पट्टी शोधली, खुर्ची ओढली आणि बसले.