हेमराजच्या कूलरमधली बाग

हीटर घ्यायचा नाही, एवढंच हेमराजनं ठरवलं होतं. माणूस तोंडावर पडतो तो अशाच बारीकसारीक गोष्टींवरून.

झालं असं, की दिवाळीला तो सासरी गेला होता. मेहुणा वीरेंद्र याच्याकडे माशांची मोठी काचेची पेटी होती. पाण्यात हिरवीगार झाडं आणि पाणी कोमट ठेवायला हीटर. हेमराज सहज बोलून गेला, "हीटर कायले पाहिजे? मी बिनहीटरचे झाडं वाढवून दाखवतो."

वीरेंद्र सगळ्यांसमोर हसला. "भाऊजी, हे गरम मुलखातले झाडं आहेत. तुमच्या पांढुर्ण्याच्या थंडीत एक पान नाही वाचत."

सासूबाईही हसल्या. जावई उपाशी राहील, पण सासूचं हसणं त्याला पचत नाही.

हेमराजनं गुपचूप रोपं आणली. ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. घरात काचेची पेटी आली असती तर बायकोनं, रजनीनं, त्यालाच अंगणात झोपवलं असतं. (आधीची पेटी त्यानं कशी फोडली, हा विषय त्या घरात काढत नाहीत.) मग त्याची नजर मागच्या अंगणातल्या कूलरवर गेली. आपल्याकडे कूलर उन्हाळ्यात राजा आणि हिवाळ्यात अडगळ. हेमराजनं त्याच्या बाजूच्या गवताच्या ताट्या काढल्या, तिन्ही बाजूंनी ऊन आत आलं. टाकीत रेती पसरून रोपं लावली आणि डास नकोत म्हणून वरून जुनी मच्छरदाणी टाकली.

"कूलरले गंज चढून राहिला, झाकून ठेवतो," त्यानं रजनीला सांगितलं. नवऱ्याला घरातल्या वस्तूची काळजी वाटते, हे पाहून तिला भरून आलं.

थंडी पडली. रोपं आधी रुसली, दोन-चार पानं गळाली, आणि मग हळूहळू अंग धरू लागली. फेब्रुवारीत टाकी गच्च भरली. हेमराज दात घासता घासता एकटाच हसायचा.

मार्चमध्ये वीरेंद्र जामसांवलीच्या हनुमानाच्या दर्शनाला आला आणि बहिणीकडे मुक्कामी राहिला. दुपारची जेवणं झाल्यावर हेमराज म्हणाला, "विरू, आज तुले एक चीज दाखवतो. थांब जरासा." आणि तो बाजारात गेला, झाडं मिरवायला काचेची बरणी आणायची होती आणि साक्षीला गुणवंता मास्तरांना बोलवायचं होतं. (साक्षीदाराशिवाय सासरचे लोक जावयाचं काहीच मानत नाहीत.)

मास्तरांना घेऊन तो परतला, तर कूलरची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. वीरेंद्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खराटा हातात घेऊन अंगणात उभा होता.

"काय करून राहिला रे?" हेमराजचा आवाज चिरकला.

"ताई म्हणे गरम होऊन राहिलं, कूलर लाव. पाहतो तं टाकीभर शेवाळ! घासून काढलं, ब्लीचिंग टाकलं, ताट्या लावल्या. आता पाहा कशी चकचकीत झाली."

"अन् ते शेवाळ?"

"नालीत गेलं वाहून."

हेमराज पायरीवर मटकन बसला. "अरे, ते झाडं होते. बिनहीटरचे. पूर्ण थंडी काढली त्यायनं."

वीरेंद्रनं बहिणीकडे पाहिलं, मग फार मायेनं भाऊजीकडे. "भाऊजी, शेवाळाले हीटर लागतच नाही."

हेमराजनं आशेनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर रिकामी बरणी पोटाशी धरून उभे होते. "मी तं आत्ताच आलो," ते म्हणाले.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. रजनीनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

"जावईबापू, मनाले लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "कोणाच्यानं साफसफाई नाही होत, तं नाही होत. विरू दरसाल येऊन कूलर धुऊन देत जाईल."

आणि या वेळी त्या हसल्यासुद्धा नाहीत.